संशोधकांवरचे विनोदी चित्रपट: एका मागवाल्याच्या घरातून दिलेले उत्तर

संशोधक आणि त्यांची यंत्रे यांच्याभोवती रचलेले, पण संशोधकाला निव्वळ वेडा न ठरवणारे विनोदी चित्रपट कोणते, असे आपण विचारले आहे. मी बेळगावच्या वडगाव भागात, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलो आणि आता उद्यमबागेतील एका कारखान्यात लेथवर काम करतो. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा वाटला. मी सहा चित्रपटांची नावे देणार आहे, पण त्यांतल्या एकाबद्दल अधिक लिहिणार आहे, कारण त्याच्या तोडीचा दुसरा मला आढळलेला नाही.

तो चित्रपट म्हणजे १९५१ साली इंग्लंडमधील ईलिंग स्टुडिओत तयार झालेला, अलेक्झांडर मॅकेन्ड्रिक यांनी दिग्दर्शित केलेला 'द मॅन इन द व्हाइट सूट'. यात अ‍ॅलेक गिनेस यांनी सिडनी स्ट्रॅटन नावाच्या तरुण रसायनतज्ज्ञाची भूमिका केली आहे. हा सिडनी कापड गिरण्यांमध्ये मिळेल ते काम धरतो आणि तेथील प्रयोगशाळेत गुपचूप आपले प्रयोग मांडून ठेवतो. अनेक स्फोटांनंतर त्याला असा धागा साधतो, जो मळत नाही आणि झिजतही नाही. त्या कापडाला साधी कात्री लागत नाही, म्हणून शिंप्याला ते ज्योतीने कापावे लागते. त्यावर रंग चढत नसल्यामुळे सूट पांढराशुभ्र राहतो आणि अंधारात चमकतो.

येथपर्यंत सगळे आनंदाचे आहे. मग गिरणीमालकांच्या ध्यानात येते की, एकदा विकलेला कपडा कधीच फाटणार नसेल तर दुसरा कोणी घेणार नाही. कामगारांनाही कळते की, मागणीबरोबर आपली मजुरी संपेल. एरवी एकमेकांच्या विरोधात उभे असणारे हे दोन पक्ष एक होऊन सिडनीच्या मागे लागतात. पळापळ अत्यंत गमतीची आहे, पण तिच्या मध्येच सिडनीची वृद्ध घरमालकीण, जी लोकांचे कपडे धुऊन चार पैसे मिळवते, त्याला विचारते की, धुण्यासारखे काही उरलेच नाही तर माझ्या धुण्याचे काय होणार. सिडनीजवळ उत्तर नसते. तो वाईट माणूस नाही. त्याने तिचा विचारच केलेला नसतो. माझ्या मते चित्रपटाचा सगळा जीव या एका प्रश्नात आहे.

मला तो प्रश्न इतका भिडला याचे कारण आमच्या घरात आहे. मी शाळेत असताना माझ्या मामाने जुन्या टेबलफॅनची मोटर बसवून एका वेळी चार कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरणारे यंत्र तयार केले होते. पहिल्या दिवशी कांड्या सुटून थेट अंगणात गेल्या आणि आम्ही मुले पोट धरून हसलो. आठ दिवसांत त्याने ताण बरोबर जमवला आणि यंत्र सुरळीत चालू लागले. तेव्हा हाताने कांड्या भरणारी माझी आजी त्याला म्हणाली, "बाळा, यंत्र झकास झालं, पण शेजारच्या दोघी उद्यापासून काय करणार?" पुढे आजीच ते यंत्र चालवू लागली, त्या दोघींचे आमच्याकडचे काम मात्र सुटले.

दोन वर्षांपूर्वी मी हा चित्रपट गल्लीतल्या एका कन्नडभाषिक वयस्क विणकराला दाखवला. संवाद मी त्यांना माझ्या मोडक्या कन्नडमध्ये समजावून देत होतो. रंग चढत नाही हे ऐकताच त्यांनी मला थांबवले आणि विचारले, "मग साडी काठाची कशी करायची?" हसून झाल्यावरही ते बराच वेळ त्यावर विचार करत होते.

याच जातीचा दुसरा चित्रपट म्हणजे चॅप्लिन यांचा १९३६ सालचा 'मॉडर्न टाइम्स'. जेवणाची सुट्टी वाचावी म्हणून कामगाराला भरवणारे यंत्र त्यात येते. त्याचा निर्माता स्वतः बोलत नाही, त्याच्या यंत्राची तारीफ तबकडीवरून ऐकवली जाते. मग मक्याचे कणीस बेफाम फिरू लागते आणि खाण्याबरोबर लोखंडी नटही तोंडात जातात. यंत्रावर काम करणाऱ्या कोणालाही तो प्रसंग अंगावर आल्यासारखा वाटेल, कारण तेथे यंत्र बिघडले आहे हे सर्वांना दिसते, पण सोसावे लागते ते बांधलेल्या माणसाला.

बस्टर कीटन यांचा 'द इलेक्ट्रिक हाउस' (१९२२) लहान आहे. त्यात स्वयंपाकघरातून जेवण आणणारी छोटी रेल्वे आणि सरकता जिना आहे. त्या जिन्यात पाय अडकून पहिल्या प्रयत्नात कीटन यांचा घोटा मोडला होता, म्हणून चित्रीकरण सोडून पुढे ते नव्याने करावे लागले. डिस्नेचा 'द अ‍ॅबसेंट-माइंडेड प्रोफेसर' (१९६१) मला केवळ बरा वाटतो; त्यातील उसळणारा पदार्थ गमतीचा आहे, पण त्याचा त्रास कोणाला होतो याची चित्रपटाला फारशी चिंता नाही.

मराठीत हवे असेल तर परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) अवश्य पाहावा. दादासाहेब फाळके हे चित्रपटाच्या कॅमेऱ्याचे मूळ निर्माते नव्हते, परंतु वाटाण्याचा अंकुर दिवसेंदिवस टिपत बसण्याची त्यांची चिकाटी आणि घरातल्या वस्तू एकेक करून जाताना सरस्वतीबाईंनी दिलेली साथ यांत प्रयोग करणाऱ्या माणसाचे घर खरेखुरे दिसते.

घरात लहान मुले असतील तर निक पार्क यांच्या 'द राँग ट्राउझर्स' (१९९३) पासून सुरुवात करावी. तो अर्ध्या तासाचा आहे आणि भाषेवाचूनही समजतो. 'द मॅन इन द व्हाइट सूट'चा शेवट मी मुद्दाम सांगत नाही. मात्र पाहताना आवाज थोडा मोठा ठेवावा, कारण सिडनीच्या काचेच्या नळ्यांतून येणारी ती बुडबुडणारी लय शेवटच्या दृश्यात पुन्हा कानी पडते, आणि ती ऐकू आली नाही तर त्या दृश्याचा अर्धा अर्थ हातून निसटतो.