बहुस्तंभी इंडेक्स: आधी तुलनेचा पाया पक्का करा
आपल्या डेटाबेस इंजिनात एकाहून अधिक कॉलमांचा इंडेक्स (ओळी लवकर शोधण्यासाठीची क्रमवार सूची) आणताना बी-ट्रीला, म्हणजे ही सूची साठवणाऱ्या झाडासारख्या रचनेला, हात लावण्याआधी मूल्यांची तुलना कशी होणार हे ठरवा, कारण अवघड चुका तिथेच दडून बसतात. मजकूर नुसते एकापुढे एक जोडले, तर ‘अब’, ‘क’ आणि ‘अ’, ‘बक’ या जोड्यांचे बाइट तंतोतंत सारखे होतात आणि युनिक इंडेक्स (तेच मूल्य दोनदा न स्वीकारणारा) दुसरी, पूर्णपणे वैध ओळ नाकारतो. म्हणून प्रत्येक मजकुरामागे समाप्तीचा शून्य बाइट ठेवा आणि मजकुरातच तो आल्यास एस्केप करा, म्हणजे तो समाप्तीचा नाही हे कळेल अशा खुणेसह लिहा. नलचे (मूल्यच नसलेल्या जागेचे) क्रमातले स्थानही आत्ताच ठरवा. प्लॅनरमध्ये (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या भागात) सुरुवातीला डावीकडून सलग समानतेच्या अटी आणि त्यानंतर एकच पल्ल्याची अट (अमुक ते तमुक अशी) एवढेच हाताळा. शहर व वय या क्रमाच्या इंडेक्सवर केवळ वयाची अट आली, तर माझ्या मते पहिल्या आवृत्तीत सरळ पूर्ण टेबल वाचणेच श्रेयस्कर.