कर्फ्यू म्हणजे मुळात चूल झाकणं

भाची भंवरकुव्याजवळ हॉस्टेलला राहते, तिथे नोटीस लागलीये, कर्फ्यू टाइम रात्री 9.30. तिने फोनवर आजीला तेच सांगितलं तर आजी घाबरलीच, इंदुरात दंगा झाला का गं म्हणून. आता भाचीचा प्रश्न असा की मामा, कर्फ्यूचा खरा अर्थ काय आणि मराठीत याला संचारबंदीच म्हणायचं का?

हॉस्टेलसाठी तरी नको म्हणूस. पण शब्द मोठा मजेदार आहे. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला, अर्थ सरळ आहे, विस्तव झाका. युरोपात तेव्हा घरं लाकडाची, छपरं गवताची, रात्री एका चुलीतली ठिणगी उडाली की अख्खी आळी जळायची, म्हणून संध्याकाळी ठरलेल्या वेळी घंटा व्हायची आणि लोकांनी आपापला विस्तव झाकायचा. विझवायचा नाही बरं का, झाकायचा! आमची आजी रात्री शेवटचं दूध तापवून झालं की निखारे राखेत पुरून ठेवायची आणि पहाटे वरची राख सारून फुंकर घातली की चूल परत सुरू, काडेपेटीला हात नाही. तेच ते. म्हणजे आजीच्या घरी रोज कर्फ्यू लागायचा आणि तिला पत्ताच नव्हता. पुढे विस्तव मागे पडला, घंटा झाली की घरात बसा एवढंच उरलं. (यातला 'फ्यू' म्हणजे विस्तव, तो लॅटिनमधल्या चुलीच्या शब्दावरून आला, आणि आपण मोबाइलच्या कॅमेऱ्यात जो फोकस करतो तोही त्याच चुलीतला. रुमालाला कर्चीफ म्हणतात त्यातही हेच झाकणं आहे, मूळ अर्थ डोकं झाकायचं फडकं.)

इंग्रजीत हा शब्द दोन्हीकडे चालतो, जड पण आणि हलका पण. दंगलीतला कर्फ्यू आहेच, पण पोरीला बापाने दहाच्या आत घरी ये सांगितलं तर तोही कर्फ्यू, आणि सिडनीच्या विमानतळाला रात्री 11 ते सकाळी 6 असतो तोही कर्फ्यूच. आपल्याकडे मात्र फक्त जड अर्थच आला, सुनसान रस्ता, पोलिसांची गाडी, दूध आणायला दोन तासांची ढील. आजी घाबरली ती उगाच नाही. 2021 मध्ये आपल्या मध्य प्रदेशात लॉकडाउन न म्हणता कोरोना कर्फ्यू म्हणायचे, आठवतंय ना.

संचारबंदी हा शब्द या जड अर्थाला एकदम फिट्ट आहे, फिरायला बंदी. जमावबंदी वेगळी, तिच्यात एकट्याने भाजी आणायला जाता येतं, घोळका करता येत नाही. लोक दोन्हींची खिचडी करतात कारण हुकूम दोन्हींचा बहुतेक वेळा एकाच कलमाखाली निघायचा, 144, जे 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्यात 163 झालंय, पण तोंडात अजून एकशेचव्वेचाळीसच आहे आणि राहील पण. आपल्या इंदुरने तर कमालच केली होती, 22 मार्च 2020 चा जनता कर्फ्यू, सकाळी 7 ते रात्री 9 घरात बसायचं, आणि संध्याकाळी थाळ्या वाजवत लोक राजवाड्यावर गोळा! संचारबंदीत जमाव, आता याला काय शब्द काढणार.

आणि हो, कर्फ्यू लागतो नि उठतो, तो पुल्लिंगी. संचारबंदी लागते, उठते, ती स्त्रीलिंगी. 'कर्फ्यू लागली' म्हणू नकोस, पुण्याची मावशी हसेल.

हॉस्टेलच्या नोटिशीला मराठीत 'साडेनऊनंतर फाटक बंद' पुरे आहे. आजीला पण हेच सांग, आणि आज रात्रीच फोन कर, साडेनऊच्या आधी, ती अजून बातम्या लावून बसलीये.