एक लाखाचं नंतर बघू, आधी पाचशे गाठ

अगं,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज नीट ऐकला. यूट्यूबवर कांद्याचं चॅनेल सुरू केलंस हे झकास झालं, आणि निफाड तालुक्यातली पोरगी स्वतःच्या वावरात उभी राहून कांद्यावर बोलतेय म्हटल्यावर लोक ऐकतात, स्टुडिओत बसून सल्ले देणारे पैशाला पासरी आहेत. पण ते 'दिवाळीपर्यंत एक लाख सबस्क्रायबर' वहीतून खोडून टाक. होणारच नाहीत असं नाही म्हणत, पण ते लोकांच्या हातात आहे, तुझ्या नाही. तुझ्या हातात काय, तर आठवड्याला एक व्हिडिओ आणि तो गेल्या वेळेपेक्षा जरा बरा. टार्गेट त्याचं ठेव.

आकडाच हवा असेल तर यूट्यूबनेच दिलेत की. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ पब्लिक व्हिडिओ आणि वर्षभरात ३००० तास वॉच टाइम, एवढं झालं की कमाईसाठी अर्ज करता येतो आणि सुपर थँक्स, मेंबरशिप वगैरे, म्हणजे बघणाऱ्यांनी स्वतःहून दिलेले पैसे, सुरू होतात. जाहिरातीचे पैसे मात्र १००० सबस्क्रायबर आणि ४००० तास झाल्यावरच. तू सध्या साडेतीनशेच्या आसपास आहेस ना, मग पहिला मुक्काम पाचशे, त्याच्या पुढचं आत्ता बोलायचंच नाही.

४००० तास ऐकून दडपण येतं, पण हिशेब करून बघ. ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. तुझा आठ मिनिटांचा व्हिडिओ लोक सरासरी चार मिनिटं बघत असतील तर वर्षात ६० हजार व्ह्यूज लागतात, म्हणजे महिन्याला ५ हजार, आणि तेही सगळ्या जुन्या-नव्या व्हिडिओंचे मिळून. सरासरी दोनच मिनिटं बघत असतील तर मात्र हेच डबल होतं. म्हणून म्हणतो, सबस्क्रायबर मोजत बसण्यापेक्षा यूट्यूबच्या स्टुडिओ ॲपमध्ये जाऊन लोक व्हिडिओ सोडून कुठे पळतात तो ग्राफ बघ.

मी तुझा करप्याचा, म्हणजे पात वाळवणाऱ्या त्या रोगाचा, व्हिडिओ बघितला. आधी नाव फिरत येतं, मग म्युझिक, मग 'नमस्कार शेतकरी मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत', मग बेल आयकॉन दाबा, आणि पात दिसते कधी तर पाऊण मिनिटाने! तोवर माणूस गेला गं. त्याच्या वावरात पात वाळतेय, त्याला तुझं नाव नंतर कळलं तरी चालेल. पहिल्याच सेकंदाला दोन पाती कॅमेऱ्यासमोर धर, एकीवर फुलकिड्यांचे पांढुरके चट्टे, दुसरीवर करप्याचा जांभळट डाग, आणि सरळ म्हण, 'या दोन्हींचं औषध वेगळं आहे, चुकीचं मारलं की पैसे गेले.' बस. पुढच्या महिन्याचं टार्गेट एवढंच, की पहिल्या तीस सेकंदांत आत्तापेक्षा जास्त लोक थांबले पाहिजेत.

शॉर्ट्स टाक, पण त्यांच्या भरवशावर राहू नको, शॉर्ट्सच्या फीडमधला वेळ त्या ४००० तासांत धरत नाहीत. शॉर्ट्सचा रस्ता वेगळा आहे, ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज, तो आपला नाही (आत्ता तरी). आणि 'तू मला सबस्क्राईब कर, मी तुला करतो'वाले व्हॉट्सॲप ग्रुप आजच सोड. ते लोक कांद्याचा व्हिडिओ कशाला बघतील? नुसता आकडा फुगतो, बघणारा कोणी नाही, शिवाय यूट्यूबच्या नियमातही ते बसत नाही. मावसभावांना, कॉलेजच्या ग्रुपला जबरदस्तीने सबस्क्राईब करायला लावणं पण बंद, त्यांना कांदा फक्त भेळेत माहितीये.

एक गोष्ट तुझ्याकडे आहे जी शहरातल्या क्रिएटरकडे नाही, ती म्हणजे हंगाम. उन्हाळी कांद्याचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात, लागवड डिसेंबर-जानेवारीत, मार्चअखेरपासून मेपर्यंत काढणी आणि मग कांदा साठवायची चाळ. तेव्हा रोपवाटिकेचा व्हिडिओ सप्टेंबरच्या शेवटी आला पाहिजे, डिसेंबरात टाकलास तर बघणार कोण? चाळीत कांदा सडू नये म्हणून काय करायचं हे मार्चमध्येच, लोक चाळ झाडायला घेतात तेव्हा. आणि हे व्हिडिओ दर वर्षी त्याच महिन्यात परत चालतात, नीट केलेस तर. दादांच्या जुन्या डायरीत फवारणीच्या तारखा असतील त्या घेऊन बस, वर्षाचं कॅलेंडर त्यातूनच निघेल.

परीक्षेच्या महिन्यात आठवड्याला एक जमणार नाही, तेव्हा पंधरा दिवसांनी एक असं आत्ताच लिहून ठेव, मग चुकल्यासारखं वाटणार नाही. व्ह्यूज रोज बघू नको, महिन्याच्या १ तारखेला बघ, मला स्क्रीनशॉट पाठव. आणि माईक घे आधी, साधा कॉलरला लावायचा चालेल, वाऱ्यात तुझं निम्मं बोलणं ऐकूच येत नाही.

तुझा,
काका