ब्लूबेरीच्या मळ्यात जाण्याआधी

प्रश्न : आम्ही उभयता जूनअखेर न्यूजर्सीला लेकीकडे जातोय. एका शनिवारी ब्लूबेरी तोडायला मळ्यात जायचं, असा जावईबापूंचा बेत आहे. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि नात चार वर्षांची आहे. आम्हाला जमेल का? तयारी काय करावी? – एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : जमेल. गुडघ्यांच्या दृष्टीने तर हे फळ सोयीचंच. स्ट्रॉबेरी तोडायला जमिनीपर्यंत वाकावं लागतं. ब्लूबेरीचं झुडूप माणसाच्या उंचीचं असतं, साधारण पाच ते सात फूट. काटे नसतात आणि बरीच फळं कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीत मिळतात. यजमानांसाठी एक घडीची खुर्ची गाडीत टाका. खालच्या फांद्या नातीकडे सोपवा.

तुमची वेळ चांगली आहे. न्यूजर्सीतला हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत चालतो. आधी ‘ड्यूक’ ही जात येते, जुलैत ‘ब्लूक्रॉप’ आणि ‘इलियट’ सगळ्यांच्या मागून. म्हणून मळ्यात विचारायचं ते ‘आज कोणती जात तोडायला खुली आहे’ हे. शनिवारचा बेत मात्र शक्य असेल तर बदला. सुट्टीच्या दिवशी गर्दी पिकलेली फळं ओरबाडून नेते. मग उरलेली पिकेपर्यंत काही मळे दोन-तीन दिवस चक्क बंद ठेवतात. शनिवारच हवा असेल तर मळा उघडतानाच पोचा, आणि आदल्या संध्याकाळी त्यांचा फोनवरचा निरोप ऐका किंवा इंटरनेटवरचं पान पाहून घ्या. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर फळं वाळेपर्यंत थांबा. ओली तोडलेली फळं डब्यात लवकर बुरशी धरतात.

एक घोटाळा हमखास होतो. हॅमंटन हे गाव स्वतःला ‘जगाची ब्लूबेरी राजधानी’ म्हणवतं, म्हणून लोक थेट तिकडे गाडी काढतात. तिथली बरीचशी शेतं घाऊक बाजारासाठी माल भरणारी आहेत आणि त्यांत परस्पर शिरणं म्हणजे अतिक्रमण. ‘पिक युअर ओन’ अशी पाटी असलेला मळाच शोधा. (वाट वाकडी करायची तयारी असेल तर व्हाइट्सबॉग हे जुनं खेडं पाहून या. एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी रानातली झुडपं निवडून, त्यांचा संकर करून 1916 मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचा पहिला माल तिथूनच विकला.)

हिशेब पौंडात होतो. एक पौंड म्हणजे 454 ग्रॅम. गॅलनची बादली भरली की सुमारे सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलो होतात. सवय नसलेला माणूस तासाभरात किलो-दीड किलो काढतो, त्यामुळे चौघांना एक बादली पुष्कळ झाली. काही ठिकाणी माणशी प्रवेशमूल्य वेगळं असतं. ते फळांच्या किमतीतून वळतं होतं की नाही, हे आधीच विचारा. रोख पैसेही जवळ असू द्या. तोडताना चार फळं चाखली तर सहसा कोणी हरकत घेत नाही, पण नातीला भूक लागण्याआधी घरचा खाऊ द्या.

आता तोडण्याबद्दल, कारण निम्मा माल इथेच बिघडतो. एकाच घोसात हिरवी, जांभळट आणि निळी फळं शेजारी-शेजारी असतात, म्हणून करवंदांसारखा अख्खा घोस ओढायचा नाही. देठाकडे लालसर कडं दिसलं तर फळ कच्चं. पूर्ण निळं झाल्यावरही साखर भरायला आणखी काही दिवस लागतात, त्यामुळे दिसायला निळं पण चवीला आंबट असं फळ भरपूर हाती येतं. पारख बोटांनी करा. घोसाखाली तळवा धरायचा आणि अंगठ्याने फळं हलकेच घोळवायची. जी आपसूक तळव्यात पडतील ती पिकलेली. जी धरून बसतील ती राहू द्या. आंब्यासारखी आढी घालून ब्लूबेरी गोड होत नाही. झाडावर जी गोडी आली तीच.

फळांवरची पांढुरकी भुकटी (द्राक्षांवर असते तशी) पुसू नका. ती औषध नव्हे, फळाचं स्वतःचं मेण आहे आणि त्यानेच फळ टिकतं. बादली जुन्या ओढणीने कमरेला बांधली की दोन्ही हात मोकळे राहतात. घरी न्यायच्या डब्यात चार-पाच इंचांपेक्षा जास्त थर नको, तळची फळं दबून पाणी सुटतं. आणि बंद गाडीत तासभर डबा ठेवून जेवायला जाऊ नका. बर्फाची पेटी न्या.

कपडे पूर्ण पायांचे, बूट बंद, पँटची टोकं मोज्यात खोचलेली. हा थाट उन्हासाठी नाही, गोचिडांसाठी आहे. न्यूजर्सीत गोचिडांमुळे होणारा लाइम आजार बराच आढळतो. घरी आल्यावर नातीच्या कानामागे, गुडघ्यामागे, कमरेच्या इलॅस्टिकखाली नीट पाहा.

प्रश्न : या फळांत बारीक अळ्या असतात, असं भाचीने कळवलं आहे. आम्ही शाकाहारी. खावीत की नाही? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : असू शकतात. पंखांवर ठिपके असलेली एक छोटी फळमाशी (स्पॉटेड विंग ड्रोसोफिला) पिकत्या फळातच अंडी घालते. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ती 2008 मध्ये कॅलिफोर्नियात आढळली आणि पुढे देशभर पसरली. हंगामाच्या सुरुवातीला तिचा त्रास कमी असतो, शेवटी-शेवटी वाढतो. म्हणून जून ते जुलैचा पूर्वार्ध बरा.

तपासायचं असेल तर कपभर पाण्यात मोठा चमचाभर मीठ विरघळवा, मूठभर फळं हलकी दाबून त्यात टाका आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. अळ्या असल्या तर दोन-तीन मिलिमीटरच्या पांढऱ्या दोऱ्यांसारख्या बाहेर येतात. ही नमुन्याची फळं टाकून द्यायची. बाकीची लगेच फ्रिजमध्ये ठेवली की अंड्यांची वाढ खुंटते. मऊ पडलेली, रस गळणारी फळं घेऊच नका. चुकून पोटात गेलं तर अपाय होत नाही. मन मानतं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

प्रश्न : परत येताना मुंबईला आणता येतील का? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : ताज्या ब्लूबेरींचा नाद सोडा. घरून निघाल्यापासून मुंबईत पोचेपर्यंत दिवस जातो, बॅगेत त्यांचा लगदा होतो. सुकवलेली ब्लूबेरी किंवा बंद बाटलीतला जॅम आणा. जॅमची बाटली चेक-इन सामानात टाका, कारण हातातल्या बॅगेत 100 मिलीपेक्षा मोठी बाटली अडवतात.

लेकीकडे साठवायच्या असतील तर न धुता, पूर्ण कोरड्या, ताटात एकेरी पसरून गोठवा आणि कडक झाल्यावर पिशवीत भरा. आधी धुतल्या तर साल चिवट होते. धुवायचं ते खाताना. फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस, फ्रीझरमध्ये वर्षभर.

प्रश्न : नर्सरीत ब्लूबेरीचं रोप मिळतंय. गोरेगावच्या बाल्कनीत लावू का? – एक वाचक, गोरेगाव

उत्तर : पैसे वाचवा. न्यूजर्सीतल्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालचे आठशे ते हजार तास लागतात. आपल्याकडे असा एक तासही मिळत नाही. ‘बिलॉक्सी’सारख्या कमी थंडीच्या जाती पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर फळतात हे खरं, पण तिथे पाऊस जवळजवळ नाही आणि हवा सौम्य. शिवाय माती आंबट लागते, म्हणजे तिचा सामू (पीएच) 4.5 ते 5.5 ठेवावा लागतो, आणि नाजूक, वरवर पसरणारी मुळं पावसाळ्यात कुंडीतच कुजतात. फळच हवं असेल तर क्रॉफर्ड मार्केटमध्ये 125 ग्रॅमच्या डब्या मिळतात.

प्रश्न : अमेरिका नको, मुंबईहून जाऊन मुलांना स्वतः फळं तोडता येतील असं काही? – एक वाचक, परळ

उत्तर : पाचगणी-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. मुंबईहून पुणे, सुरूर फाटा, वाई, पसरणी घाट अशा वाटेने पाचगणी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. डिसेंबर ते मार्च हा काळ धरा. भिलारकडच्या मळ्यांत आधी फोन करून परवानगी आणि किलोचा भाव ठरवा. फळ ओढू नका, नखाने देठ खुडून हिरव्या टोपीसकट तोडा. टोपी निघाली की फळ संध्याकाळपर्यंत मऊ पडतं. खांद्यापाशी पांढरं असलेलं तोडलं तर घरी लाल होईल, गोड होणार नाही. वाफ्यांवरच्या प्लॅस्टिकवर पाय देऊ नये, हे मुलांना गाडीतच सांगून ठेवा. त्याखाली ठिबकच्या नळ्या असतात.