छोट्या कंपनीने सॉफ्टवेअर स्वतः बनवावं की तयार विकत घ्यावं?

बारा माणसांची कंपनी आहे, बिलं आणि स्टॉक सांभाळायचाय, एवढंच विचारलं असतंत तर मी हा प्रश्न वाचून पुढे गेलो असतो. पण तुम्ही शेवटी लिहिलंय, ‘आमच्या ऑफिसातल्या एकाला प्रोग्रामिंग येतं, तो फावल्या वेळात करून देतो म्हणतोय.’ तो ‘एक’ मी होतो. बारा वर्षं.

तर आधी उत्तर: विकत घ्या. हिशेब, पगार, बिलं यांत तुमच्या कंपनीचं वेगळं असं काही नसतं. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने दुहेरी नोंदीची पद्धत (प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहायची) १४९४ साली छापून ठेवली आहे, ती तुमच्या ऑफिसातल्या त्या मुलाने फावल्या वेळात नव्याने शोधायची गरज नाही.

आता माझं ऐका. आम्ही दोघं मित्र, केबलच्या धंद्यात भागीदार. सगळं एक्सेलमध्ये चालायचं. एक्सेल २००३ ची शीट ६५,५३६ ओळींवर संपते, आणि आमची एका सकाळी संपली. तेव्हाच तयार पॅकेज घ्यायचं, पण मित्र म्हणाला, “अरे, तू आहेस ना!” खोटं कशाला सांगू, मला ते ऐकून बरं वाटलं. मी व्हिज्युअल फॉक्सप्रो ९, म्हणजे नोंदी साठवणारे प्रोग्रॅम लिहायचं मायक्रोसॉफ्टचं साधन, काढून बसलो. नवव्या आवृत्तीनंतर पुढची येणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये जाहीर केलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण मला फॉक्सप्रो येत होतं, दुसरं काही येत नव्हतं, एवढाच काय तो विचार.

प्रोग्रॅम चांगला झाला होता, हे आजही म्हणेन. बिल दहा सेकंदांत निघायचं. हौसेने मी बिलाखाली शेऱ्याची जागा दिली. त्यात ग्राहकांची पत्रंच्या पत्रं चिकटवता यायची, पुढे चलनांचे स्कॅनही तिथेच जायला लागले. फॉक्सप्रोत हे सगळं नोंदींच्या मुख्य फाईलशेजारच्या एका वेगळ्या फाईलमध्ये साठतं. जुना शेरा वाढवला की तो फाईलच्या शेवटी नव्याने लिहिला जातो आणि आधीची जागा तशीच अडून राहते. आणि फॉक्सप्रोची कुठलीही फाईल २ जीबीच्या पुढे जात नाही.

ती २ जीबीला टेकली तेव्हा मी अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन दुसऱ्या दिवशी पलंगावर होतो. बिलं बंद, गाडी दारात उभी, मित्राचा फोन. उपाय एका ओळीचा होता: फाईलची कॉपी काढून ठेवायची, मग ‘पॅक मेमो’, म्हणजे ती अडलेली जागा मोकळी करणारी आज्ञा. मी एकेक अक्षर सांगतोय, तो टाईप करतोय, आणि मशीन म्हणतंय फाईल वापरात आहे. कारण पॅक करताना बाकी कुणाचाही प्रोग्रॅम उघडा चालत नाही. गोडाऊनमधला कॉम्प्युटर चालू राहिला होता, त्या खोलीला कुलूप होतं, आणि किल्ली खिशात घालून माणूस जेवायला गेला होता. टाके सांभाळत मी चाळीस मिनिटं फोनवर होतो. नर्सने शेवटी फोन काढून घेतला.

घरी आल्यावर मी म्हटलं, आता पॅकेज घेऊ. मित्र म्हणाला, “कशाला? हे फुकट चाललंय की.” त्या ‘फुकट’वरून आमचं जे वाजलं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही. मी डायरीतून तास काढून दाखवले: एका वर्षात ३१०. रात्रीचे, रविवारचे. तो म्हणाला, तुला आवड आहे म्हणून केलंस. आवड पहिल्या वर्षी होती हो! नंतर प्रिंटर बदलला की मी, विंडोज बदललं की मी, कुणी बिल चुकून उडवलं की मी. तुमच्या ऑफिसातल्या त्या मुलाचा पगार धरलात ना हिशेबात? तो सोडून गेला तर त्याचं लिखाण कोण वाचणार, हेही धरा. त्याने काय केलंय ते कुठे लिहून ठेवतोय का, आजच विचारा.

पॅकेज पुढे घेतलं. आणि इथे मला थोडं मागे यावं लागतं, कारण मित्रही अर्धा बरोबर निघाला. केबल आम्ही कापून विकतो. १०० मीटरच्या रोलमधून कापत कापत एक तुकडा ३७ मीटरचा उरतो, दुसरा १२ चा. पॅकेज म्हणतं, स्टॉक ४९ मीटर. सेल्समधल्या पोरीने ते बघून ४० मीटरची ऑर्डर घेतली. ग्राहकाला सलग ४० हवी होती. माझ्या जुन्या प्रोग्रॅमला तुकडे कळायचे. प्रत्येक तुकड्याला बॅचसारखा वेगळा नंबर देऊन पॅकेजमध्ये हे बसवता येतं, पण कापणाऱ्या माणसाला दर कापणीला तीन स्क्रीन भराव्या लागायच्या, त्याने आठवड्यात सोडून दिलं. शेवटी मी शेजारी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याला फक्त तुकडे कळतात, बिलाशी त्याचं देणंघेणं नाही. एवढं बनवा. तुमच्या धंद्यातले ‘तुकडे’ कोणते ते मला माहीत नाही, कदाचित नसतीलही.

विकत घेतानाही डेमोला भुलू नका. चाचणीच्या काळातच सगळा डेटा बाहेर काढून दुसरीकडे उघडून बघा, नाहीतर पुढे दर वाढवले की निमूट भराल. ओडू, ईआरपीनेक्स्टसारखं मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं, हा मधला मार्ग आहे, पण त्याच्या मूळ कोडमध्ये हात घातलात तर प्रत्येक नव्या आवृत्तीला तेच दुखणं पुन्हा काढाल.

मागच्या महिन्यात मित्राचा फोन आला. जुन्या प्रोग्रॅममधलं एक बिल बघायचं होतं आणि पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. मला पाठ होता. मी सांगितला, आणि हे तास कुणाच्या नावावर लिहू, असंही विचारून घेतलं.