वाचकांचे प्रश्न : ‘कॉन्ट्रा’ आणि सिलेक्टचे बटण

प्रश्न : शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि माझा धाकटा भाऊ घरच्या टीव्हीला जोडलेल्या व्हिडिओ गेमवर तासन्‌तास ‘कॉन्ट्रा’ खेळत असू. तीस लाइफ मिळवून देणारी बटणांची ओळ शेजारच्या मुलाने आम्हाला वहीत लिहून दिली होती. त्या ओळीत शेवटी ‘सिलेक्ट’ येते असे भाऊ अजूनही म्हणतो आणि येत नाही असे मी म्हणतो. आमच्यापैकी बरोबर कोण? – एक वाचक, सातारा

उत्तर : वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए आणि मग स्टार्ट एवढीच ती ओळ आहे, म्हणजे अक्षरशः पाहिले तर आपण बरोबर आहात. मात्र गेमच्या पहिल्या पडद्यावर खूण आधीपासून ‘एक खेळाडू’ या पर्यायावर असते आणि ती ‘दोन खेळाडू’ या पर्यायावर नेण्यासाठी सिलेक्ट दाबावेच लागते. आपण दोघे नेहमी जोडीने खेळत होता, त्यामुळे आपल्या घरात स्टार्टच्या आधी सिलेक्ट दाबले गेले असणारच, आणि भावाने लक्षात ठेवले ते त्या अर्थाने खरेच आहे. बी, ए, सिलेक्ट, स्टार्ट अशी ओळ अमेरिकेतही असंख्य लोकांच्या तोंडी आहे आणि त्याचे कारणही हेच आहे.

ही ओळ मुळात ‘कॉन्ट्रा’साठी तयार झालेली नाही. कोनामी या जपानी कंपनीतील काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रॅडियस’ या अवघड गेमची १९८६ ची घरगुती आवृत्ती करताना, तपासणी करणे सोपे जावे म्हणून ती घातली आणि पुढे ती गेममध्येच राहून गेली. तेथे तिच्यामुळे विमानाला जादा शक्ती मिळत; ‘कॉन्ट्रा’मध्ये तीन लाइफच्या जागी तीस मिळू लागल्या. एक गोळी लागली की एक लाइफ गेली, असा ज्या गेमचा नियम आहे, तेथे या ओळीचे मोल किती होते हे आपल्याला सांगायला नको. हाशिमोतो यांचे फेब्रुवारी २०२० मध्ये निधन झाले.

प्रश्न : धबधब्याच्या स्टेजला माझी थोरली बहीण भराभर वर चढत असे आणि मी खाली राहून मरत असे. स्वतःच्या लाइफ संपल्या की ती माझ्या लाइफ घेऊन पुन्हा खेळत असे. हा गेम बनवणाऱ्यांचा दोष मानायचा का? – एक वाचक, अकोला

उत्तर : मी याला दोष मानत नाही, या गेमचे खरे बळ मला नेमके येथेच दिसते. १९८७ मध्ये ‘कॉन्ट्रा’ नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत आला आणि १९८८ मध्ये घरगुती यंत्रावर, तेव्हा त्याचे दोन्ही नायक, बिल रायझर आणि लान्स बीन, एकाच पडद्यावर एकाच वेळी खेळता येत होते. दोघांचे कौशल्य अगदी सारखे ठेवलेले आहे आणि एकाची गोळी दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे एकमेकांना इजा करण्याचा सरळ मार्गच उपलब्ध नाही. पडदा मात्र दोघांत मिळून एकच आहे. धबधब्यावर तो वरच्या वर सरकत जातो आणि एकदा वर गेला की खाली परत येत नाही, म्हणून जो मागे राहतो तो पडद्याबाहेर पडून मरतो. चांगला खेळणाऱ्याला तेथे आपला वेग आवरून साथीदाराच्या उडीची वाट पाहावी लागते, आणि ही शिस्त गेम कोणतीही सूचना न देता, केवळ पडद्याच्या हालचालीतून शिकवतो.

लाइफचेही तसेच आहे. एकाचा साठा संपला की त्याला साथीदाराच्या साठ्यातून लाइफ घेऊन परत येता येते, ही सोय मुद्दाम दिलेली आहे, कारण एकट्याने पुढे जाण्यापेक्षा दोघांनी टिकून राहणे बहुतेक वेळा फायद्याचे ठरते. ताईंनी विचारून घेतली असती तर बरे झाले असते, हे मात्र मलाही मान्य आहे.

हत्यारांच्या वाटणीबाबत माझे मत असे की, एकाच वेळी पाच गोळ्या पंख्यासारख्या सोडणारे ‘एस’ हे हत्यार दोघांपैकी जो जास्त वेळा मरतो त्याने घ्यावे, कारण या हत्याराने नेम धरायला वेळ लागत नाही. ‘एल’ म्हणजे लेझर जोरदार असला, तरी बटण घाईने पुन्हा दाबल्यास आधीचा किरण मध्येच तुटतो, म्हणून तो शांत हाताच्या खेळाडूकडे असावा. लाइफ जाताच हातातले हत्यारही जाते आणि पुन्हा साधी बंदूक उरते, त्यामुळे ही वाटणी प्रत्येक वेळी नव्याने करावी लागते.

प्रश्न : दोघे खेळत असताना माणसे आणि गोळ्या लुकलुकत असत. कॅसेट काढून फुंकली तरी फरक पडत नसे. कॅसेट खराब होती का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. आपल्याकडे विकली जाणारी ती यंत्रे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ या घरगुती गेम-यंत्राची नक्कल होती, आणि त्या यंत्रणेला पडद्याच्या एका आडव्या रेघेत फक्त आठ हलती चित्रे दाखवता येतात. एक माणूस अशा अनेक लहान चौकटी जोडून बनतो. दोन नायक, शत्रू आणि गोळ्या एका पातळीत आल्या की संख्या आठच्या पुढे जाते, आणि मग गेम ती चित्रे आळीपाळीने दाखवतो.

प्रश्न : जर्मनीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाला तेथील जुन्या बाजारात हाच गेम मिळाला, पण त्यात माणसांऐवजी रोबो आहेत. ती नक्कल आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : ती अधिकृत युरोपीय आवृत्ती असावी; तिचे नाव ‘प्रोबोटेक्टर’ आहे आणि ती १९९० मध्ये निघाली. जर्मनीत हिंसक गेम तरुणांना घातक ठरवून यादीत टाकले जात आणि यादीत गेलेल्या गेमची जाहिरात करता येत नसे. म्हणून कोनामीने नायक आणि अनेक शत्रू रोबो केले. स्टेज आणि हत्यारे तीच ठेवली. मूळ रूप पाहायचे असल्यास २०१९ च्या ‘कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’मध्ये जपानी आणि अमेरिकी अशा दोन्ही घरगुती आवृत्त्या आहेत. त्यांतील जपानी आवृत्ती आधी लावावी, कारण तिच्या कॅसेटमधील विशेष चिपमुळे पहिल्या स्टेजची झाडे हलतात आणि बर्फाच्या स्टेजला खरोखर बर्फ पडताना दिसतो.