विश्वास आहे, पण प्रार्थनाच होत नाही. संकटात बळ मिळवायचं कसं?

तुम्ही विचारलंय की वर्षभरात नोकरी गेली, आईचं डायलिसिस सुरू झालं, प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाहीत, आणि चर्चच्या मंडळीतली माणसं म्हणतात, "विश्वास कमी पडतोय."

मी लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यामुळे. हे वाक्य चुकीचं आहे आणि आजारी माणसाच्या घरात जाऊन बोलणं तर क्रूरपणा आहे. ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली, आईच्या हयातीतच. रमाबाईंचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची छाती आहे? मग तुम्हालाच का ऐकवतात?

शब्द येत नसतील तर उसने घ्या. स्तोत्रसंहिता, बायबलमधलं दीडशे स्तोत्रांचं पुस्तक, त्यासाठीच आहे. आपल्याला तोंडपाठ असतात २३, ९१ आणि १२१, म्हणून वाटतं की सगळी स्तोत्रं शांत आणि आनंदीच असतील. दीडशेपैकी निदान तिसरा हिस्सा गाऱ्हाणी आहेत. प्रभू येशूने वधस्तंभावर हाक मारली ती बाविसाव्या स्तोत्राच्या पहिल्याच वचनाने, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" गाऱ्हाणं म्हणजे अविश्वास असेल, तर या हाकेचं काय करायचं?

सुरुवात तेराव्या स्तोत्रापासून करा. सहाच वचनं आहेत, मोठ्याने वाचायला मिनिटभर लागतं. पहिल्या दोन वचनांत एकच प्रश्न चार वेळा येतो: कोठवर? देवा, कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, मी कोठवर मनात कुढत राहू, शत्रू कोठवर माझ्यावर वरचढ राहणार? तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे, तेही नेमकं: माझ्याकडे बघ, उत्तर दे, डोळ्यांत उजेड घाल, नाहीतर मी मरेन. आणि पाचव्यात एकदम, "मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे." चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये परिस्थिती बदलल्याचं एक अक्षरही नाही. शत्रू होता तिथेच आहे. गाऱ्हाणं पुरतं सांगून झालं, तेव्हा भरवसा तोंडात आला.

आता हे करायचं कसं? एक वही घ्या आणि चार ओळी लिहा, प्रत्येक "कोठवर"ने सुरू होणारी. "आमच्यावर कृपा कर" असलं मोघम नको. "कोठवर आईला आठवड्यातून तीनदा त्या सुयांपुढे हात धरायला लावू?" "कोठवर पाच तारखेला हप्त्याचा मेसेज आला की पोटात गोळा येणार?" असं. खाली एकच मागणं लिहा, आजच्या दिवसापुरतं. मग तेरावं स्तोत्र वाचा, आवाज काढून, कारण मनातल्या मनात वाचलं की तिसऱ्या ओळीला मन हिशोबाकडे पळतं. सकाळी एकदा, झोपताना एकदा, निदान महिनाभर. पाचवं वचन तोंडातून निघत नसेल तर चौथ्यावर थांबा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. किंवा तेराव्याची शेवटची दोन वचनं घरातल्या दुसऱ्या कुणाला वाचायला सांगा. आपला भरवसा थोडे दिवस दुसऱ्याने वाहिला तरी चालतं, मंडळी असते ती त्याचसाठी.

बिघडतं कुठे, तर लोक थेट पाचव्या वचनावर उडी मारतात. दुसरं, डोळे मिटून बोट ठेवायचं आणि निघेल ते वचन आजचा संदेश मानायचा. नको ते निघालं की दिवसभर धास्ती. तिसरं, सगळं सुटेल अशी हमी म्हणून वाचलं जाणारं पौलाच्या पत्रातलं फिलिप्पैकरांस ४:१३, "मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे." हे लिहिणारा प्रेषित पौल बंदिवासात होता, आणि त्याच्या आधीच्याच वचनात तो भूक आणि अडचण सोसायला शिकल्याचं सांगतो. तिथे सुटकेची हमी नाही, टिकून राहण्याची ताकद आहे. आणि मोठा उपास आत्ता मुळीच नको.

उलट बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय वाचा. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येऊन काय करतो? निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवतो. एलीया खातो, परत झोपतो, देवदूत त्याला परत उठवून खाऊ घालतो. वाट लांबची आहे एवढंच सांगतो, दोष देत नाही. म्हणून आधी जेवण आणि झोप. पाळकसाहेबांना "आमच्यासाठी प्रार्थना करा" एवढंच कळवू नका, "मंगळवारी डायलिसिसला आईजवळ कुणी चार तास बसेल का?" असं विचारा. याकोब ५:१४ मध्येही मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलावणं आजाऱ्यानेच पाठवायचं आहे.

आणि "विश्वास कमी पडतोय" म्हणणाऱ्यांना बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक दाखवा. निर्दोष असून सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडून "तुझंच काहीतरी चुकलं" म्हणू लागले तिथे घसरले. शेवटी देवाचा राग त्यांच्यावर पेटला, सात बैल आणि सात मेंढे घेऊन त्यांना ईयोबाकडेच जावं लागलं, आणि प्रार्थना ईयोबाने त्यांच्यासाठी केली.

हे सगळं मी प्रॉटेस्टंट घरातल्या सवयीने लिहिलंय. तुम्ही कॅथलिक असाल तर मंगळवार-शुक्रवारच्या जपमाळेतली दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रसंगांचं मनन, हेच काम करतात. आणि झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर स्तोत्र वाचत वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस सेवा १४४१६ वर रात्रंदिवस फोन घेते. गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं कुणी म्हणालं तर पौलाचा सोबती लूक वैद्य होता, हे कलस्सैकरांस ४:१४ उघडून दाखवा.